पिवळ्या रंगाची जाडी

पापुद्रा करंगळीच्या नखाएवढा होता आणि त्याच्या तुटलेल्या कडेला नऊ थर दिसत होते. भिंग धरलं तर सरळ मोजता येत होते. पिवळा, पिवळा, मग एक जरासा नारिंगीकडे झुकलेला, मग पुन्हा पिवळे. झाडाच्या बुंध्यात वर्षं दिसतात तसे. नारिंगी थर कुठल्या वर्षाचा तेही तिला आठवलं. त्या साली भांडारातला पिवळा रंग कमी पडला होता आणि रंगाऱ्याने लाल डब्यातला तळ त्यात ढवळला होता. तिने पापुद्रा व्हर्नियर मापकाच्या जबड्यात हलकेच धरला. शून्य पूर्णांक पंचेचाळीस मिलिमीटर. पट्टीच्या दुसऱ्या अंगालाही तितकाच रंग. ज्या पोलादी पट्टीची जाडी बरोबर पाच मिलिमीटर असायला हवी, ती सकाळी सात वाजता, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पाच पूर्णांक नऊ होती.

पट्टी घरी असायलाच नको होती. बारा दिवसांपूर्वी तिने ती कामाच्या पेटीतून काढून पिशवीत टाकली होती, आणि तेव्हापासून रोज सकाळी डबा ठेवताना तो थंड, जड तुकडा बोटांना लागायचा आणि बोटं चटका बसल्यासारखी मागे यायची. आज ती निसटून फरशीवर आपटली आणि पापुद्रा उडाला. झालं होतं ते एवढंच. पण त्या आवाजाबरोबर तिच्या आत जे भडकलं त्याचा फरशीशी काही संबंध नव्हता.

आई दारात येऊन उभी राहिली. "काय पाडलंस ग?"

"काही नाही."

"काही नाहीचा आवाज एवढा खणखणीत असतो होय? आणि हे काय, सकाळी सकाळी भिंग? माझ्या गोळ्या मोजतेयस की काय?"

आई गोळ्यांबद्दल असं मुद्दाम बोलायची, कारण बारा दिवसांपूर्वीचा दिवस तिच्याही मनातून गेला नव्हता. म्हणजे तिच्या बाजूने तो आनंदाचा दिवस होता. तिची रक्तातली साखर तपासायची म्हणून लेकीने रजा टाकली होती, आणि तपासणीच्या आधी दोन दिवस आईने गोडाचा कण तोंडात घेतला नव्हता, सकाळ-संध्याकाळ गच्चीवर फेऱ्या मारल्या होत्या, आणि मग डॉक्टरपुढे अशी ऐटीत बसली होती की जणू परीक्षेला आलीय. रिपोर्ट उत्तम आला. घरी आल्या आल्या साखरेचा डबा खाली उतरला. "आई, तो रिपोर्ट पास व्हायला नसतो ग, कळायला असतो," असं ती म्हणाली होती, आणि आई म्हणाली होती, "डॉक्टर किती खूश झाला बघितलंस ना? मग?" तिथेच, डब्याचं झाकण उघडं असताना, फोन वाजला होता. रेल्वे यार्डात सत्तावीस नंबरच्या सांध्यावर गाडी घसरली होती.

तिच्या देखभालीच्या हद्दीत असे बेचाळीस सांधे होते. सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जिथे वळते ती जागा. तिथे एक रूळ पक्का असतो आणि दुसरा मोटरीने सरकणारा, टोकाला निमुळता. हलता रूळ पक्क्या रुळाला जाऊन घट्ट चिकटला पाहिजे. मग आतलं कुलूप बसतं, आणि कुलूप बसल्याशिवाय पुढचा सिग्नल हिरवा होत नाही. यंत्राला डोळे नसतात, म्हणून त्याची परीक्षा घ्यायची. दोन रुळांच्या मध्ये पाच मिलिमीटरची पट्टी धरायची आणि मोटर सोडायची. कुलूप बसलं नाही, मोटर नुसती गुरगुरत राहिली, तर सांधा पास. एवढी फट त्याला कळते. बसलं, तर नापास; सांधा बंद करायचा, जुळवायचा, पुन्हा बघायचं. शाळेतल्या पोराला समजेल इतकी सोपी गोष्ट. आणि त्या पट्टीला दर वर्षी, मोठ्या साहेबांच्या वार्षिक पाहणीच्या आधी, रंग देत होते. फक्त पट्टीलाच नव्हे. पेट्या, बादल्या, कुदळीचे दांडे, वाटेच्या कडेचे दगड. पाहणी जवळ आली की यार्डातलं कुत्रंसुद्धा जागा बदलतं, नाहीतर त्यालाही एक हात बसेल, असं सगळे हसत म्हणायचे. तीही हसायची. पट्टी जाड झाली की सांध्याला ती सहज कळते, आणि सांधा पास होतो. दर वर्षी एक दशांश मिलिमीटरने सगळे सांधे अधिकाधिक पास होत गेले. कोणी ठरवून केलं नव्हतं हे. हेच तिला सगळ्यात जास्त डाचत होतं. शिव्या घालाव्यात तर एक धड माणूस सापडत नव्हता, नुसते स्वच्छ हात आणि ओला रंग.

"जुन्या ब्लेडचं पान आहे का ग कुठे?" तिने विचारलं.

"ते खरवडायचंय? मग माझी नखरंग पुसायची बाटली घे. त्याने सगळं निघतं." आई बाटली घेऊन आली. सत्तरीतही तिची नखं फिकट गुलाबी असत. "पण हे तुमच्या हापिसचं ना? खरवडलं तर चालतं?"

नाही, चालत नाही, ती मनात म्हणाली. एका माणसाला नाही चालू दिलं. कापसाच्या बोळ्यावर पिवळा रंग उतरत होता, एकेक वर्ष मागे जात होतं, नारिंगी साल आलं आणि गेलं, आणि खालून निळसर राखाडी पोलाद उघडं पडलं तेव्हा तिला एकदम तो माणूस दिसला, सहा वर्षांपूर्वी तिच्या टेबलापुढे उभा असलेला. त्याच्याही हातात अशीच उघडी पट्टी होती. त्याला सगळे दशांश म्हणायचे. आकडा लिहिताना तो टिंबानंतर दोन घरं लिहायचा, शून्यं असली तरी. चहा किती घेणार विचारलं तर "अर्धा, शून्य पूर्णांक पाच शून्य," असं कोणीतरी त्याच्या वतीने सांगायचं आणि खोली हसायची. तोही हसायचा, पण जरा उशिरा. तो म्हणाला होता, "पोरी, तू शास्त्र शिकलीस. तुझ्याकडे व्हर्नियर आहे. ही मोज, आणि मग तुझी मोज."

तिने मोजली होती. त्याची पाच पूर्णांक शून्य शून्य. तिची पाच पूर्णांक तीन.

"तीन दशांश," ती म्हणाली होती. "टॉलरन्समध्ये असेल, काका. एवढा फरक चालतो."

"कुणाच्या टॉलरन्समध्ये?"

ती बघू म्हणाली होती. 'बघू' हा शब्द किती सोयीचा आहे. त्यात डोळे मिटून घेता येतात. दशांशच्या हद्दीतले सांधे दर महिन्याला नापास व्हायचे, कारण त्याची पट्टी खरी होती. तो ते बंद करायचा, जुळवायचा, गाड्या खोळंबायच्या, आणि बाकी सगळ्यांच्या हद्दीत बारा महिने तेरा काळ सगळं पास. मग निष्कर्ष काय निघाला? की दशांशचा हात खराब आहे. ज्याच्या हाताखाली सांधे नापास होतात तो फिटर नापास. तिच्या साहेबांना, ज्यांना यार्डात झकास साहेब म्हणत, कारण आग लागली तरी त्यांच्या तोंडून आधी तोच शब्द निघाला असता, त्यांना हा निष्कर्ष फार आवडला होता. त्यांच्या खोलीत एक फळा होता आणि त्यावर दर महिन्याला विश्वसनीयतेचा टक्का लिहिला जायचा. नव्व्याण्णव पूर्णांक अठ्ठ्याण्णव. तो टक्का काढायचं काम तिचं होतं, कारण तिचं गणित चांगलं. सहा वर्षं तिने तो स्वतःच्या अक्षरात लिहिला होता, आणि शेवटचा आकडा लिहिताना खडू दरवेळी थोडा किंचाळायचा.

एक दिवस साहेबांनी तिला आत बोलावून एक कागद पुढे सरकवला होता. दशांशने पाहणीच्या तोंडावर सरकारी हत्याराचा रंग खरवडून ते विद्रूप केलं, हे आपण पाहिलं आहे. पाहिलं तर होतं. वाक्य खरं होतं. त्यात खोटा असा एकही शब्द नव्हता. तिने सही केली. महिन्याभरात दशांशची हद्द काढून घेतली आणि त्याला फिरता केला, म्हणजे जो रजेवर असेल त्याच्या जागी दोन दिवस इथे, तीन दिवस तिथे. त्याची पट्टी जमा झाली, रंगवली गेली आणि दुसऱ्या कोणाच्या तरी पेटीत गेली. तेव्हापासून ती रजेवरून परतली की तिच्या नोंदवहीत त्या दोन-तीन दिवसांच्या ओळींपुढे, शेऱ्याच्या बारक्या रकान्यात, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असायचं: पास. पट्टी मोजावी. तिला तो टोमणा वाटायचा. म्हातारा अजून विसरला नाही, असं मनात म्हणून ती पान उलटायची. सहा वर्षांत अशी किती पानं उलटली असतील, हिशेब करता आला असता. पण केला नाही.

ती बसने कामावर निघाली तेव्हा पट्टी कोटाच्या खिशात होती, उघडी, आणि तिला नखरंग पुसायच्या द्रवाचा गोडसर वास येत होता. समोरच्या बाकावर एक बाई मांडीवर शिवणाचं गाठोडं घेऊन बसली होती आणि तिची नजर त्या बाईच्या पायांवरून हलेना. सत्तावीस नंबरवर गाडी सावकाश चालली होती म्हणून तिसराच डबा उतरला, अकरा जणांना मुका मार लागला, आणि पुढच्या स्टेशनावर उतरायचं म्हणून दारात येऊन उभी राहिलेली एक बाई खाली फेकली गेली. तिचा उजवा पाय घोट्यापासून गेला. ती शिवणकाम करायची. पायाने चालवायचं मशिन. हे वर्तमानपत्रात एका ओळीत आलं होतं, आणि त्याच्या खाली दोन परिच्छेद गाड्या किती उशिरा धावल्या त्याचे होते. चौकशीत रुळांमध्ये अडकलेला खडीचा कपचा सापडला. त्याची जाडी मात्र त्यांनी मोजली: साडेपाच मिलिमीटर. साहेब म्हणाले, नशीब बघा, बरोबर तिथेच खडा यायचा! नशीब. पाच, साडेपाच, पाच पूर्णांक नऊ. हे तीन आकडे एका खाली एक लिहिले की नशिबाला जागा उरत नाही. पाचच्या पट्टीवर जुळवलेल्या सांध्याला साडेपाचचा खडा कळला असता, कुलूप बसलं नसतं, सिग्नल लाल राहिला असता, आणि चालक दहा मिनिटं शिव्या देत उभा राहिला असता. पण हा सांधा पाच पूर्णांक नऊवर पास झालेला. त्याने साडेपाचचा खडा गिळला आणि हिरवा दिला. आणि तिच्या रजेच्या त्या दिवसांत, अपघाताच्या आदल्या दिवशी, तिच्या वहीत, तिच्याच पट्टीने केलेल्या चाचणीखाली सही होती दशांशची. चौकशीने लिहिलं की त्याने चाचणी न करताच सही ठोकली. दशांशने! चहाचेसुद्धा दोन दशांश मोजणाऱ्या माणसाने! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण इथे चोर कपाळाला आठी घालून बसमध्ये बसला होता आणि त्याला खिडकीतून वारा लागत होता.

चौकशीच्या दिवशी दोघं बाहेरच्या बाकावर शेजारी बसले होते. त्याला निलंबित करून तीन दिवस झाले होते, निवृत्तीला चार महिने होते. ती मनात वाक्यं जुळवत होती आणि त्याने विचारलं, "तुझ्या आईचा रिपोर्ट काय आला?"

"उत्तम."

"उत्तमच येणार," तो म्हणाला, आणि जरा उशिरा हसला.

"काका, तुम्हाला माहीत होतं पट्टी जाड आहे. मग तुम्ही का नाही थांबवलंत?" तिचा आवाज चढला होता, जसा काही गुन्हा त्याचाच.

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "मी सहीच करायला नको होती, ते खरं. पण नाही म्हटलं की दुसरा येऊन करतो, आणि तो तर शेराही लिहीत नाही. सांधा बंद करायचा तर हद्दीच्या माणसाची सही लागते, पोरी. फिरत्या माणसाला पेटीची किल्ली देतात. बंदचा फॉर्म देत नाहीत. तो तुझ्याकडे असतो." मग म्हणाला, "मी लिहीत होतो की. तू वाचत असशील असं वाटायचं."

आत तिला तीन प्रश्न विचारले. सांधा आपल्या ताब्यात असताना चांगल्या स्थितीत होता का. हो. पट्टी अधिकृत होती का. हो. रंगरंगोटी वेळच्या वेळी होती का. हो! हा तिसरा प्रश्न विचारताना त्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. पट्टी केवढी होती, हा प्रश्न त्यांच्या यादीत नव्हता, आणि आपल्या यादीत तो घालायचं तिने त्या दिवशी राहू दिलं. उद्या सांगू, असं तिने ठरवलं होतं. मग परवा. बारा दिवसांत बेचाळीसपैकी एकेचाळीस सांध्यांवरून किती गाड्या गेल्या असतील हे तिला अंदाजे नव्हे, नेमकं माहीत होतं, आणि रात्री उशीवर डोकं टेकलं की तो आकडा वाढत राहायचा.

कामावर पोचली तर टेबलावर टंकलेलं निवेदन तयार होतं. वरती चिठ्ठी: चारपर्यंत सही करून द्यावी. सत्तावीस नंबरचा सांधा सुपूर्द करताना सुस्थितीत होता, पट्टी प्रमाणित होती, इत्यादी. पुन्हा एकदा असा कागद की ज्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द खरा धरून चालता आला असता. तिने तो घडी घालून खिशात ठेवला, पट्टीशेजारी. दुपारभर ती बारीकसारीक कामं करत राहिली, केबलींची खूणपत्रं लिहिली, एक जळालेला फ्यूज बदलला, आणि या सगळ्यात तिला स्वतःचाच संताप परका वाटत होता, जसं शेजारच्या खोलीत कोणीतरी भांडतंय. इतकी वर्षं ती स्वतःला सावध समजत होती. पुरावा हातात आल्याशिवाय बोलू नये, हे ती प्रयोगशाळेत शिकली होती. पण पुरावा हातात होता. सहा वर्षं तो तिच्या पेटीत होता, दर वर्षी रंगवलेला. ज्याला ती सावधपणा म्हणत होती त्याला दुसऱ्या कोणी साधं भित्रेपण म्हटलं असतं. आणि ते दुसरं कोणी म्हणत नव्हतं म्हणूनच ते इतकं चाललं. अडीच वाजता ती उठली, पेटी उचलली आणि यार्डाच्या वरच्या टोकाला गेली.

तिथे रुळांच्या कडेला लोखंडी खांबावर एक फोनची पेटी होती, थेट स्टेशनमास्तरांच्या खोलीत लागणारी. "मास्तर, एकतीस चाचणीला हवा."

"आज? तुम्ही तर महिनाअखेरीला करता."

"आज करतेय."

"करा बाई. पण तीन वीसला जलद गाडी आहे, तेवढं लक्षात ठेवा. नाहीतर लोक मला खातील, तुम्हाला नाही."

"सांधा फिरवा, आणि कुलूप बसलं तर सिग्नल देऊन बघा."

ती खडीवर गुडघे टेकून बसली आणि पट्टी दोन रुळांच्या मध्ये धरली. उघडं पोलाद उन्हाने लगेच कोमट झालं. मोटर घरघरली, हलता रूळ सावकाश आला, पट्टीला टेकला, आणि ती वाट पाहू लागली त्या गुरगुरण्याची, जे नऊ वर्षं प्रत्येक वेळी तिने ऐकलं होतं, आता मोटर चिडणार, अडणार, दात खाणार. मोटर चिडली नाही. आतून फक्त टक् असा आवाज आला. लहानसा, समाधानी, कडी लागल्यासारखा. तिने पट्टी ओढून पाहिली. पट्टी जबड्यात गच्च अडकली होती, हलेना. तिने मान वर केली. दोनशे पावलांवरच्या खांबावर लाल दिवा विझला आणि हिरवा लागला.

फोन वाजला. "बसला, बाई," मास्तर खुशीत म्हणाले. "सिग्नलही आला. अगदी बिनतक्रार. झालं ना तुमचं?"

खोलीत बसलेल्या मास्तरांना समोरच्या तक्त्यावर एक हिरवी रेघ दिसत होती आणि इथे पाच मिलिमीटर पोलाद रुळांच्या दातात होतं. "नाही झालं," ती म्हणाली. "सिग्नल काढून घ्या. सांधा परत फिरवा. आता तेहेतीस."

तेहेतीसही टक् करून बसला. चौतीसची मोटर गुरगुरत राहिली आणि तिला त्या यंत्राला थोपटावंसं वाटलं. छत्तीस बसला. चारातले तीन. ती उठली तेव्हा साहेब रूळ ओलांडत येत होते, बुटांना ग्रीस लागू नये म्हणून उंच पाय टाकत, काखेत फाईल.

"अहो, तुम्ही इथे! मी सगळीकडे शोधतोय. चाचणी करताय? झकास. तेवढा आपला कागद..." आणि मग त्यांची नजर तिच्या हाताकडे गेली. "हा रंग कोणी काढला?"

तिला हसू आलं, कोरडं, मोठ्याने. "साहेब, एकतीस, तेहेतीस, छत्तीस. तिन्ही नापास. पट्टी आत असताना कुलूप बसलं. सिग्नल हिरवा आला. मी डोळ्यांनी पाहिला."

"हळू बोला."

"इथे आहे कोण ऐकायला?"

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांचा चेहरा वाईट माणसाचा नव्हता. रोज डबा खाणारा, मुलीच्या परीक्षांची काळजी करणारा चेहरा होता तो. "हे बघा," ते म्हणाले, "तुम्ही म्हणता ते असेल. नाही असं मी म्हणतच नाही. पुढच्या आठवड्यापासून आपण दोन-दोन करत सगळे जुळवून घेऊ. गाजावाजा न करता. एकदम बंद केलेत तर संध्याकाळच्या सगळ्या गाड्या हाताने सांधे बांधून, गोगलगायीसारख्या काढाव्या लागतील. अख्खं शहर आपल्या नावाने ओरडेल. आणि फळ्यावरचा आकडा? तो तर तुमच्याच अक्षरात आहे."

"हो. माझ्याच."

"मग? झाकली मूठ राहू द्या की."

"आणि दशांशकाका?"

"त्याचं काय," साहेब म्हणाले, आणि खरोखरच सांत्वन करावं तशा मऊ आवाजात, "त्याला तसंही चार महिन्यांनी घरीच जायचंय."

तिने खिशातला कागद काढला. साहेबांनी पेन पुढे केलं. तिने पेन घेतलं नाही. कागद त्यांच्या फाईलवर ठेवला, वर आपला व्हर्नियर ठेवला, उडू नये म्हणून. लांब कुठेतरी शिट्टी झाली. तीन वीसची गाडी अजून बाहेरच्या सिग्नलला यायची होती. तिला ती डब्यांची रांग दिसली, दारात उभी असलेली माणसं, पुढच्या स्टेशनावर उतरायचं म्हणून आधीच सरकून आलेली, एका हाताने दांडा धरलेली. बाकावर दशांशने विचारलेलं आठवलं, आईचा रिपोर्ट काय आला. उत्तम, म्हणाली होती ती. उत्तम! ती पेटीपाशी गेली आणि फोन उचलला. आवाज तिच्या ओळखीचा होता. नोंदवही वाचून दाखवतानाचा, सपाट.

"मास्तर, वहीत लिहून घ्या."

"छत्तीस झाला की बाई, बसला..."

"लिहून घ्या. तीन वीसची बाहेरच थांबवा. माझ्या हद्दीतले सगळे सांधे बंद."

"सगळे म्हणजे?"

"बेचाळीसच्या बेचाळीस."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मागे साहेब काहीतरी म्हणाले, तिचं आडनाव, मग तिचं नाव, मग नुसतं "अहो."

"कारण लिहावं लागेल, बाई," मास्तर आता सावकाश म्हणाले. "आणि कोण म्हणतंय तेही."

"हद्दीची मेंटेनर म्हणतेय. वेळ तीन वाजून सात मिनिटं. फॉर्म सही करून घेऊन येते. कारण लिहा: सत्तावीस नंबरची चाचणी झाली होती, माझ्या पट्टीने झाली होती, आणि ती पट्टी जाड होती." तिने एक श्वास घेतला. "हे मला सहा वर्षं माहीत होतं."